इकेमचा मळा आणि आमचा मोह

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात मद्याची गोष्ट सांगायला बसावे, हे मास्तरकीच्या पेशाला फारसे शोभणारे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल आधीच क्षमा करावी. मी स्वतः या वाटेला कधी गेलेलो नाही आणि कोणी जावे असेही मला सुचवायचे नाही. मला सांगायची आहे ती खरे म्हणजे कागदांची गोष्ट. गोडवा पिकवणारी घराणी जगात पुष्कळ झाली. त्यांतल्या एका घराण्याच्या गोडव्याला सरकारदरबारी नाव, दर्जा आणि मान मिळाला. आणि आमच्या शहापूर-मुरबाडच्या रानातल्या घराण्यांच्या गोडव्याला मिळाले ते फौजदारीचे कलम. हे कसे घडले, ते तारीखवार पाहायचे आहे. इतिहासाचा मास्तर सनावळ्या पाठ करून घेतो म्हणून मुले त्याच्यावर रागावतात. पण सनावळ्यांची एक मौज असते. दोन दूरच्या मुलखांच्या सनावळ्या शेजारी शेजारी मांडल्या की त्या कधीकधी एकमेकींशी बोलू लागतात.

पहिले घराणे फ्रान्समधले. वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा शिकवताना तुरुंगात गेलेल्या सरदार घराण्यांविषयी वाचत गेलो आणि त्या वाचनात हा मळा मला भेटला. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो नावाचे मोठे बंदर आहे. त्याच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर सोतेर्न नावाचा टेकड्यांचा लहानसा मुलूख लागतो. तिथे दोन नद्या मिळतात. गारोन मोठी आणि उबदार पाण्याची. सिराँ लहान, गर्द सावलीतून येणारी, म्हणून गार पाण्याची. शरद ऋतूत ही दोन पाणी एकत्र आली की पहाटे दाट धुके उठते, आणि उन्हे वर आली की विरून जाते. सकाळी ओल आणि दुपारी ऊन, असे दिवसामागून दिवस चालले की द्राक्षांवर एक करडी बुरशी धरते. बॉट्रायटिस हे तिचे शास्त्रीय नाव. ही बुरशी द्राक्षाच्या सालीला सुईसारखी भोके पाडते, आतले पाणी उडून जाते, आणि द्राक्ष सुरकुतते, काळपट पडते, त्यावर लव येते. दिसायला ते अगदी किळसवाणे. आमच्याकडच्या घाटावरच्या बागाईतदाराने असा घड पाहिला तर तो हातातला घास टाकून फवारणीचा पंप शोधील. पण सोतेर्नच्या माणसांना कळून चुकले होते, की पाणी गेले तरी साखर मागे राहते, आणि या कुजक्या द्राक्षाचा रस मधासारखा उतरतो.

अडचण एवढीच, की सगळा घड एकदम कुजत नाही. म्हणून तोडणीला जाणारी माणसे एकाच वेलीकडे पुन्हा पुन्हा जातात आणि त्या त्या दिवशी तयार झालेले तेवढेच मणी काढून आणतात. अशा सरासरी पाच-सहा फेऱ्या होतात, आणि तोडणी कित्येक आठवडे चालते. एवढा उपद्व्याप करून एका वेलीपासून मद्य मिळते ते एक पेलाभर. पाऊस लांबला तर तीच बुरशी उलटते आणि सगळे पीक मातीमोल करते. अशी ही बेभरवशाची शेती. ती पिढ्यान् पिढ्या करायची तर जमीन आपली आहे आणि नातवंडांपर्यंत आपलीच राहणार आहे, असा भरवसा लागतो. सोतेर्नमधला सर्वांत नामांकित मळा म्हणजे शातो दिकेम, इकेमची गढी. त्या गढीचा इतिहास हा याच भरवशाचा इतिहास आहे.

१५९३ साली जाक सोव्हाज नावाच्या स्थानिक माणसाने इकेमच्या वहिवाटीचे हक्क राजसत्तेकडून मिळवले. फ्रेंच भाषेत ‘सोव्हाज’ या शब्दाचा अर्थ रानटी, जंगली. आडनावाने रानटी असलेल्या या घराण्याने कागद मात्र फार जपले. वहिवाटीवर शंभरेक वर्षे काढल्यावर १७११ साली त्यांनी मळ्याची पूर्ण मालकी मिळवली. पुढे घराण्याची वारस म्हणून राहिली एक मुलगी, फ्रान्स्वाझ-जोझेफीन. १७८५ साली तिचे लग्न लुई-आमेदे द ल्यूर-साल्यूस या घोडदळातल्या अधिकाऱ्याशी झाले. म्हणजे पुढची दोनशे वर्षे ज्या ल्यूर-साल्यूस नावाने हा मळा जगाने ओळखला, ते नाव जावयाचे, मळा लेकीचा. भाऊबीजेच्या ओवाळणीनंतर बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवण्याची चाल ज्या घरांत आहे, त्यांनी हा तपशील जरा सावकाश वाचावा.

लग्नाला तीन वर्षे होतात न होतात तोच तिचा नवरा घोड्यावरून पडून वारला. वर्षभरात क्रांती झाली. सरदार घराण्यातली तरुण विधवा, पदरी गढी आणि मळा, आणि बाहेर सरदारांच्या नावाने दात खाणारे लोक. क्रांतीच्या धामधुमीत तिला दोनदा तुरुंगात टाकले गेले. ती सुटली, आणि मळाही सुटला. पुढची सारी हयात तिने तो स्वतः सांभाळला. दारू साठवायची तळघरे त्या काळी सगळ्या मळेवाल्यांकडे नव्हती. तिने १८२६ साली इकेमला स्वतःचे कोठार बांधून घेतले. तिच्या मळ्याची कीर्ती तर क्रांतीच्या आधीच समुद्रापार गेली होती. अमेरिकेचे फ्रान्समधले वकील टॉमस जेफरसन १७८७ साली बोर्दोला येऊन गेले आणि त्यांनी १७८४ सालच्या इकेमच्या २५० बाटल्या मागवल्या. १७९० साली त्यांनी पुन्हा मागणी नोंदवली, तेव्हा त्यांतल्या ३० डझन बाटल्या राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यासाठी होत्या. १८५१ साली फ्रान्स्वाझ-जोझेफीन वारली, तेव्हा घराण्याच्या नावाचा दबदबा पुरता बसला होता.

तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी त्या दबदब्यावर शिक्का उठला. १८५५ साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनी तिथल्या मळ्यांची प्रतवारी लावली. गोड मद्यांच्या यादीत पहिल्या प्रतीच्याही वर एक स्वतंत्र प्रत केली गेली, आणि त्या प्रतीत एकच नाव लिहिले गेले : इकेम. ती यादी आजही फ्रान्समध्ये प्रमाण मानली जाते. चार वर्षांनी रशियाच्या झारचा भाऊ आला आणि त्याने १८४७ सालच्या इकेमच्या एका ९०० लिटरच्या मापाला सोन्याचे २०,००० फ्रँक मोजले. आणि २०११ साली लंडनमध्ये १८११ सालची एक बाटली, एकच, ७५,००० पौंडांना विकली गेली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. ज्या १८५५ साली पॅरिसला ही यादी लिहिली जात होती, त्याच वर्षी कल्याणच्या पुढे आगगाडी आमच्या शहापूर तालुक्यातल्या वाशिंदपर्यंत आली. पुढे १८६१ पर्यंत ती आसनगाव ओलांडून कसाऱ्याला पोचली. गाडीतून बाहेर पाहणाऱ्या साहेबाला उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडीबोडकी झाडे आणि त्यांच्याखाली वाकलेल्या बायका-मुले दिसली असतील. ती झाडे मोहाची. आमच्या तालुक्यांतली दुसरी घराणी या झाडांखालची.

मोहाचे झाड ज्यांनी पाहिलेले नाही त्या शहरी वाचकांसाठी थोडे सांगतो. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. फूल पाकळ्यांचे नसते. ते मांसल, फिक्या पिवळ्या मण्यासारखे असते, रसाने भरलेले. रात्रभर फुलून ते पहाटे आपोआप गळते. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून जागा लख्ख केलेली असते. दिवस उगवायच्या आत ठाकरांच्या बायका टोपल्या घेऊन पोचतात, कारण उशीर झाला तर गुरे, वानरे आणि मुंग्या आपला वाटा उचलतात. वेचलेला मोह अंगणात वाळत घालतात. तीन-चार उन्हांत तो सुरकुततो, तांबूस-काळा होतो आणि मनुकांसारखा दिसू लागतो. इकेमच्या मण्यात आणि या मण्यात फरक एवढाच, की तिथे पाणी बुरशी काढून घेते आणि इथे चैत्राचे ऊन. साखर दोन्हीकडे मागे राहते. वाळलेल्या मोहाच्या वजनातला अर्ध्याहून अधिक भाग साखरेचाच असतो.

शाळेच्या हजेरीपटावर हा हंगाम स्पष्ट उमटतो. मार्च महिन्यात पहिल्या तासाला वर्ग अर्धा रिकामा असतो. अकराच्या सुमाराला मुले येतात, तेव्हा त्यांच्या बोटांना चिकट गोड वास असतो. सुरुवातीला मी कारणे विचारीत असे. पुढे विचारणे सोडले. त्या मुलांकडून मला कळलेली गोष्ट अशी, की रानात उभी असली तरी ती झाडे बेवारशी नसतात. अमुक ओढ्याकडचा मोह अमक्या घराचा, टेपावरचा तमक्याचा. आजोबाने ज्या झाडाखाली वेचले, त्याच झाडाखाली नातू वेचतो. भाऊ वेगळे झाले तर झाडेही वाटून घेतात. सातबाऱ्यावर त्याची एक ओळ नसते, पण वाडीत त्यावरून सहसा भांडण होत नाही. इकेमच्या सोव्हाजांची १५९३ ची वहिवाट याहून फार निराळी नव्हती. तिला एक कागद होता, एवढेच.

मोह ही आधी खाण्याची वस्तू, हे इथे आवर्जून सांगायला हवे. वाळलेला मोह उकडतात, भाजतात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात. बियांचे तेल काढतात. दुष्काळात या फुलांनी माणसे जगवली आहेत. आणि हो, त्याची दारूही करतात. भिजवलेला मोह काही दिवस आंबवून मडक्यात चढवायचा, वाफ नळीने दुसऱ्या मडक्यात आणून थंड करायची. इकेमचे मद्य नुसते आंबवलेले असते; मोहाची दारू आंबवून वर गाळलेली असते, म्हणून ती जास्त कडक. लग्नात, सणात, देवाला आणि मेलेल्या माणसाच्या नावानेही ती लागते. तिने घरे बुडतात हेही मी पाहिले आहे. माझ्या वर्गातली काही मुले सकाळी कशी येतात, ते पाहिले की रात्री त्यांच्या घरी काय झाले हे विचारावे लागत नाही. मोहाची बाजू मांडताना हे लपवून चालणार नाही.

यानंतरचा योगायोग विलक्षण आहे. १८६० नंतर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा नावाचा किडा आला. अमेरिकेतून आलेला हा सूक्ष्म जीव वेलीची मुळे खाई. वीस-पंचवीस वर्षांत त्याने फ्रान्समधले मळ्यांमागून मळे उजाड केले. अखेर अमेरिकन द्राक्षाच्या मुळांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले. पण तोपर्यंत मद्याचा तुटवडा पडला. तो भरून काढायला फ्रेंचांनी जगभर गोडवा धुंडाळला. १८८० च्या दशकात मुंबई बंदरातून वाळलेला मोह जहाजांत भरून फ्रान्सला जात होता आणि तिथे त्याचा मद्यार्क गाळला जात होता. ज्या देशाने इकेमला सर्वांत वरची प्रत दिली, त्या देशाच्या पेल्यात काही काळ आपल्या देशातले मोहाचे फूल होते!

नेमक्या त्याच काळात मुंबई इलाख्याचे सरकार मोहावर डोळे वटारत होते. जुन्या पद्धतीत गावोगाव लहान भट्ट्या असत आणि मक्तेदार त्यांचा कर गोळा करीत. १८७८ च्या अबकारी कायद्याने ही व्यवस्था मोडली. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी नवी घडी बसवली : दारू मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांतच गाळायची, तिच्यावर गॅलनमागे जबर कर घ्यायचा, आणि विक्री परवानेवाल्या दुकानांतून करायची. उरणच्या भट्ट्या याच व्यवस्थेत भरभराटीला आल्या. गंमत अशी, की उरणला गाळली जाई तीही मोहाचीच. म्हणजे मोह वाईट ठरला नव्हता, घरी गाळलेला मोह वाईट ठरला होता. सरकारचा महसूल वाढला, परवानेवाल्या दुकानदारांची घरे भरली, आणि आदिवासी माणूस स्वतःच्या झाडाची दारू दुसऱ्याच्या दुकानात उधारीवर घेऊ लागला. उधारीपायी पुढे जमिनी गेल्या.

तरीही झाड रानात होते आणि फूल पहाटे गळतच होते. म्हणून सरकारने फुलालाच हात घातला. १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. फुले साठवणे, नेणे-आणणे, विकणे हे सगळे परवान्याच्या कक्षेत आले. या जिल्ह्यांत मोह खाण्यासाठी साठवीत नाहीत, चोरून गाळण्यासाठीच साठवतात, अशी सरकारची धारणा होती. ज्या बाईने पहाटे उठून पोरांच्या पोटासाठी टोपलीभर फुले वेचली, तिच्या कणगीची झडती घेण्याचा अधिकार शिपायाला मिळाला. आणि याच १८९२ साली आमच्या शहापूर तालुक्यातले तानसा धरण पुरे होऊन त्याचे पाणी मुंबईला गेले. एकाच वर्षी आमच्या रानातले पाणी शहराच्या नळाला लागले आणि आमच्या रानातले फूल गुन्ह्याच्या वहीत गेले. या तालुक्याच्या इतिहासात मला हे साल सर्वांत मोठे वाटते. क्रमिक पुस्तकात ते नाही.

आदिवासी हे सारे मुकाट्याने सोसत राहिले असे मात्र कोणी समजू नये. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून ‘देवी’ निघाली. गावोगाव माणसांच्या अंगात देवी येई आणि ती सांगे, दारू सोडा, ताडी सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा. ती लाट ठाणे जिल्ह्यातून दक्षिण गुजरातेपर्यंत गेली, आणि हजारो आदिवासींनी कोणा शिपायाच्या धाकाशिवाय दारू टाकली. परवानेवाली दुकाने ओस पडली. प्यायचे की नाही हे ठरवण्याची अक्कल आणि हिंमत या लोकांत होती, हे त्या वर्षी दिसले. सरकारला हवा होता तो त्यांचा महसूल, आणि सुधारकांना हवा होता त्यांचा उद्धार. त्यांना स्वतःला काय हवे, हे विचारायला दोघांपैकी कोणीही फारसे थांबले नाही.

स्वातंत्र्य आले आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यामागचा हेतू नेक होता, यात मला शंका नाही. पण त्या कायद्यातही मोहफूल वेगळे नाव घेऊन बसले आणि परवान्याची अट कायम राहिली. इंग्रज गेला, फुलावरचा पहारा गेला नाही. पुढे बंदी सैल झाली, सरकारमान्य देशी दारूची दुकाने उघडली. त्या दुकानांत मिळते ती उसाच्या मळीची. म्हणजे घाटावरच्या साखर कारखान्याचा उरलासुरला गोडवा घाटाखाली उतरला, आणि घाटाखालचा अस्सल गोडवा रानात लपून राहिला. इकडे इकेमची एक सनावळी ऐकण्यासारखी आहे. १९५१ आणि १९५२ ही दोन वर्षे आमच्याकडे दारूबंदीच्या ऐन अंमलाची. त्याच दोन वर्षी इकेमने आपल्या मद्याला स्वतःचे नाव दिले नाही, कारण पीक मनासारखे आले नव्हते. १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ सालीही त्यांनी असेच केले. त्यांची बंदी त्यांनी स्वतः घातलेली होती. आपल्या वस्तूचा मान राखण्यासाठी स्वतःवर बंदी घालणे आणि दुसऱ्याने दाराशी शिपाई बसवणे, यांत फार अंतर आहे.

कागदाने राखलेला मळा कागदानेच गेला, ही त्या घराण्याच्या कथेची अखेर. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यापासून फ्रान्समध्ये सगळ्या मुलांना वारसाहक्क सारखा. न्यायाच्या दृष्टीने हे उत्तमच. पण पिढ्या वाढल्या तसे इकेमचे हिस्सेही वाढत गेले. १९६८ पासून कारभार आलेक्सांद्र द ल्यूर-साल्यूस पाहत होते. मळा विकू नये असे त्यांचे म्हणणे होते. पण १९९६ साली थोरल्या भावासह घरातल्या अनेकांनी आपले हिस्से एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या बड्या कंपनीला विकले. भाऊबंदकी कोर्टात गेली, १९९९ साली तडजोड झाली, आणि १५९३ पासून घरात असलेला मळा कंपनीचा झाला. आलेक्सांद्र २००४ पर्यंत कारभारी म्हणून राहिले आणि मग घराण्याच्या दुसऱ्या, त्याहूनही जुन्या गढीवर, फार्गला, जाऊन मद्य करीत राहिले. २०२३ साली ते वारले. एकेका गटावर वीस-वीस नावे चढलेले सातबारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आणि पुन्हा तोच सनावळीचा चमत्कार! १९९६ च्याच डिसेंबरात आपल्या संसदेने पेसा कायदा केला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी मिळाली, आणि आपल्या गावात दारू असावी की नसावी, किती असावी, हे ठरवण्याचा अधिकारही मिळाला. शहापूर तालुका या क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भागही येतो. दहा वर्षांनी, २००६ साली, वनहक्क कायद्याने तोच हक्क आणखी पक्का केला. ल्यूर-साल्यूसांच्या हातून कागद सुटला, त्याच साली आमच्या ठाकर-कातकऱ्यांच्या हाती पहिला कागद आला.

पण कागद आला म्हणून फूल सुटले असे झाले नाही. आमच्या दोन तालुक्यांतून दोन घाट वर जातात. शहापूरकडून कसारा घाटाने इगतपुरी आणि पुढे नाशिक; मुरबाडकडून माळशेज घाटाने जुन्नर, नारायणगाव. दोन्ही घाटांच्या माथ्यावर द्राक्षे आहेत. नाशिकला राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर मद्याच्या द्राक्षांचे मळे लावले आणि आई सुलभाताईंच्या नावावरून ‘सुला’ हे नाव दिले. तिथे द्राक्षे वेलीवर नेहमीहून अधिक दिवस ठेवून गोड मद्यही करतात. सोतेर्नचे धुके नाशिकला नाही, तरी कल्पना तीच. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे खास धोरण आखले आणि मद्य करणाऱ्यांना करात मोठी सवलत दिली. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे-आणणे यांवरचे निर्बंध राज्याने उठवले ते २०२१ साली. घाटाच्या माथ्यावर द्राक्षाला सवलत, आणि पायथ्याला नुसते फूल घरात ठेवण्याची मोकळीक, यांत वीस वर्षांचे अंतर. १८९२ पासून मोजले तर १२९ वर्षांचे. परवान्याशिवाय दारू गाळणे अर्थातच अजूनही गुन्हा आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. फूल तेवढे निर्दोष सुटले, हे मला पुरेसे वाटते.

आता प्रश्न आहे तो फुलाचा नव्हे, झाडाचा. मोह फार सावकाश वाढतो. लावणाऱ्याला क्वचितच वेचायला मिळतो. आमच्याकडे जमिनीचे भाव चढले आहेत. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्याचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला. मुरबाडच्या रस्त्याला बंगल्यांसाठी भूखंड पडत आहेत. भूखंड सपाट करणाऱ्या यंत्राला ओढ्याकडचा मोह अमक्या आजीचा आहे हे कोण सांगणार? त्याची नोंद कोठेही नाही. ज्या झाडांना पिढ्यान् पिढ्या शिपायाच्या नजरेपासून लपवले, ती लपलेली झाडे आता लपल्यामुळेच जातात. इकेमच्या वेलींचा हिशेब कोणालाही कधीही मिळेल; आमच्या एकाही वाडीच्या मोहांचा मिळणार नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, की सातवी-आठवीच्या मुलांना मी एक काम देणार आहे. या दिवसांत मोहाला पाने असतात, झाड दुरून ओळखू येते. आपापल्या वाडीतली मोहाची झाडे मोजायची, ओढा-टेकडी-वाट यांच्या खुणेने त्यांची जागा लिहायची, आणि प्रत्येक झाडापुढे त्याखाली कोणते घर वेचते ते नाव घालायचे. नाव आजोबाचे न घालता आजीचे घालायचे, कारण पहाटे टोपली घेऊन निघते ती तीच. ती वही पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवायची आणि इतिवृत्तात चिकटवायला सांगायचे. कागद साधा, शाळेच्या वहीतला, मुलांच्या अक्षरातला असेल. सोव्हाजांचा १५९३ चा कागददेखील आरंभी एका वहिवाटीची नोंदच तर होता.